आत्यांचं रान

त्या रविवारी सकाळी पंकजाने मिक्सर बंद केला आणि घर जरा जास्तच शांत आहे असं तिला वाटलं. आत्यांच्या खोलीतला टीव्ही चालू होता, त्यावर कुणीतरी हातवारे करून राशिभविष्य सांगत होतं, पण समोरची खुर्ची रिकामी होती. सासूबाईंना ती लग्न झाल्यापासून आत्याच म्हणायची. मनकर्णा हे त्यांचं नाव फक्त रेशनकार्डावर आणि दवाखान्याच्या केसपेपरवर असायचं. तिने न्हाणीघर पाहिलं, गच्ची पाहिली, फाटकाबाहेर जाऊन कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत डोकावून आली. सावेडीतल्या त्या कॉलनीत रविवारी सगळे उशिरा उठतात. रस्त्यावर एक कुत्रं आणि गाडी पुसणारा एक माणूस, बस. परत येऊन ती ओट्यापाशी उभी राहिली आणि खिडकीतून परसात पाहिलं. हिरवं. तगर, कर्दळ, अडुळसा, त्यांच्यावर रेललेली घाणेरी, घाणेरीवर चढलेली कसलीतरी वेल. नीट पाहिलं तिने. नजर पानापानांवरून फिरली आणि तशीच माघारी आली. "आत्याऽ" अशी हाक मारली. मग कुठूनतरी पत्र्यावर तांब्या आपटल्याचा आवाज आला, अगदी हळू, शेजारच्यांची झोप मोडू नये म्हणून आपटावा तसा. आत्या खिडकीच्या खालीच पडल्या होत्या. कर्दळीच्या गड्ड्यात कुशीवर, एक पाय नको तसा वळलेला, लुगड्याला चिखल, आणि हात लांब करून तेलाच्या रिकाम्या डब्यावर तांब्या वाजवत. पंकजा फांद्या मोडत त्यांच्यापाशी पोचली तेव्हा त्यांनी मान वळवून वर पाहिलं.

"झाली का चटनी?"

"आत्या, हाक का नाही मारली?"

"मारली की. तुझं मशीन चालू हुतं."

पुढचं सगळं अशा वेळी होतं तसंच झालं. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, आठवडाभर दवाखाना, मग धाकटी नणंद जया येऊन आईला राहुरीला आपल्या घरी घेऊन गेली. जयाचा नवरा विद्यापीठात नोकरीला, क्वार्टर तळमजल्यावर, जया दिवसभर घरात. त्याहून सोयीचं काय असणार होतं. पंकजाने औषधांची पिशवी भरून दिली, गाडीच्या मागच्या सीटवर उशा लावून दिल्या, गाडी वळेपर्यंत फाटकात उभी राहिली. पण पडणं, ऑपरेशन, वॉकर यातलं काहीच तिच्या मनात फार टोचत नव्हतं. टोचत होतं ते खिडकीतून पाहणं. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायची. म्हाताऱ्या माणसांचे, केमोथेरपीवाल्यांचे, लहान मुलांचे हात मुद्दाम तिच्याकडे पाठवत. शीर सापडली नाही की बाकीच्या मुली "पंकजाताईंना बोलवा" म्हणत. ती डोळ्यांनी फारसं शोधायचीसुद्धा नाही, बोटाच्या टोकाला कातडीखाली काहीतरी मऊ, उसळतं लागायचं. आणि खिडकीखाली पडलेलं अख्खं माणूस तिला दिसलं नव्हतं. तिने पाहिलं होतं, बरोबर त्याच जागी पाहिलं होतं. लॅबमध्ये कुणाच्या दंडाला पट्टा बांधताना मध्येच तिला ते हिरवं आठवायचं आणि बोट क्षणभर बधिर झाल्यासारखं व्हायचं.

आत्या राहुरीला गेल्यावर घराला एक वेगळाच आवाज आला. फ्रिज बोलू लागला, नळ बोलू लागला. नवरा, अंगद, गेला तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं, कारण तेव्हा आत्या होत्या. करोनाच्या दुसऱ्या लाटेत अंगद गेला, शाळेतून पगाराची शेवटची स्लिप आली, भेटायला येणारे यायचे थांबले आणि या घरात दोन बायका उरल्या, ज्यांना एकमेकींशी जोडणारं माणूस मधून निघून गेलं होतं. त्या दोघी त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. पंकजा कामावर जायची, आत्या परसात. अंगद होता तोवर ते परस परसासारखं होतं. आत्यांना काही तोडलेलं खपायचं नाही म्हणून तो दुपारी त्या झोपल्यावर हळूच कात्री घेऊन जायचा, फांद्या पिशवीत भरून स्कूटरवरून कुठेतरी टाकून यायचा, आणि संध्याकाळी साळसूदपणे आईबरोबर चहा प्यायचा. तो गेल्यावर कात्री कुणी उचलली नाही. आणि आत्यांचं लावणं मात्र वाढलं. देवळातून येताना एक काडी, दवाखान्याच्या रांगेत ओळख झालेल्या बाईकडून एक गड्डा, लग्नात वाटलेलं रोप, कुणीतरी कुंपण छाटून रस्त्यावर टाकलेल्या फांद्यांतलं एखादं जिवंत टोक. तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, प्लास्टिकचा टब, जे मिळेल त्यात. "कशाला हो आत्या आणखी?" असं पंकजाने एकदा विचारलं होतं. "जीव हाय त्यात," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि माती दाबत राहिल्या होत्या.

पहिल्यांदा ती परसात गेली ती स्वयंपाकघरातली कात्री घेऊन. काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. मोबाइलवर तिने व्हिडिओ पाहिले होते. त्यात हातमोजे घातलेला एक हसरा माणूस प्रशस्त हिरवळीवर उभा राहून, आधी तुम्हाला बागेकडून काय हवंय ते ठरवा, असं सांगत होता. पंकजाला बागेकडून काय हवं होतं? खिडकीतून कंपाउंडची भिंत दिसली पाहिजे, एवढंच. मध्ये कुणी पडलं, बसलं, उभं राहिलं तर दिसलं पाहिजे. तिने कर्दळीची पानं कापायला घेतली. दांडे कात्रीत चेंगरले, रस गळाला, कात्रीचा खिळा ढिला झाला. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तिने बाजारातून झाडं छाटायची खरी कात्री आणली, आणि एक करवत, आणि जाड हातमोजे, जे तिच्या हाताला मोठे होत होते. मोजे घातले की बोटांना काही कळायचं नाही. तिने ते काढून भिंतीवर ठेवले ते तिथेच राहिले.

रोज संध्याकाळी दिवस मावळेपर्यंत आणि रविवारी सकाळपासून ती त्या रानात असायची. आधी तिला सगळं सारखंच दिसायचं. मग हळूहळू एक एक वेगळं होऊ लागलं. अडुळशाचा कडवट वास हाताला लागला की साबणाने जात नाही. घाणेरीची पानं चुरगळली की नाकात झणझणतं, आणि तिचे काटे उलटे, हात आत जाताना काही नाही, बाहेर काढताना ओरबाडतात. तगरीच्या फांदीतून दूध येतं. वेल ओढली तर तुटते आणि पुन्हा फुटते. तिच्या मागे मागे जावं लागतं, बोटांनी चाचपत, पानांखालून, दोन डब्यांच्या फटीतून, ओल्या मातीत शिरेपर्यंत, आणि तिथे मूळ सापडतं. हे तिला जमायचं. डोळे मिटूनसुद्धा जमलं असतं. एका रविवारी अशीच एक जाड वेल धरून ती भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत गेली, बुंधा सापडला, करवतीने कापला, आणि हाताने घाम पुसत समाधानाने उभी राहिली. दुसऱ्या दिवशी घराच्या एका अंगाची सगळी भिंत कोमेजली. ती मधुमालती होती. गच्चीपर्यंत गेलेली, पावसाळ्यात घोसच्या घोस लोंबायचे ती. पंकजा त्या माना टाकलेल्या पानांखाली किती वेळ उभी होती कोण जाणे. तिला वाटलं, आपल्याला हा अधिकारच नव्हता. दुसऱ्याच्या घरात शिरून कपाट उचकावं तसं आपण केलं.

पण वाळलेली वेल तर काढायलाच हवी होती. ती ओढली तशी जाळं सुटावं तशी खाली आली, धुरळा, कोळिष्टकं, बुलबुलचं एक रिकामं घरटं, आणि मागे एक खिडकी निघाली. आत्यांच्या खोलीची. पंकजा घरात गेली, खोलीचं दार उघडलं. कॉटवर, भिंतीवरच्या अंगदच्या फोटोवर, कोपऱ्यातल्या ट्रंकेवर सरळ ऊन पडलं होतं. या खोलीत दिवसासुद्धा दिवा लावायला लागायचा. ती रोज इथे चहा आणून ठेवायची, औषध द्यायची, आणि ट्यूब चालू असायची, आणि खोली अशीच आहे असं तिने धरलं होतं. आत्या गेली चार-पाच वर्षं त्या हिरव्या अंधारात राहिल्या आणि कधी बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत, की त्यांना तो अंधारच हवा होता? फोटोवरचं ऊन तिने बराच वेळ पाहिलं. मग पडदा ओढून घेतला, मग पुन्हा बाजूला केला.

तोडलेल्या फांद्यांचे ढीग झाले. घंटागाडीवाल्याने हात हलवून सांगितलं, "मॅडम, झाडपाला नाही घेत, घरचा कचरा तेवढा." मग तिने एक टेम्पो सांगितला. टेम्पो भरून गेला त्या संध्याकाळी जयाचा फोन आला.

"वहिनी, एक बोलायचं होतं. आईला इकडंच ठेवावं म्हणते मी. कायमचं. आता तिला एकटीला घरी सोडून तुम्ही कामावर जाणार कशा? आणि तुम्हीपण थोड्या मोकळ्या व्हाल."

पंकजाच्या नखांत माती होती. फोन तिने मनगटाने धरल्यासारखा धरला होता. जयाच्या बोलण्यात खोट नव्हती, उलट मायाच होती. फोनमध्ये, जयाच्या मागे टीव्हीवर तेच राशिभविष्य चालू होतं, आणि कुणीतरी खोकलं, ते आत्याच असणार.

"बरं," पंकजा म्हणाली.

"येत्या रविवारी तिचे कपडे वगैरे न्यायला येतो मग. तीपण येते म्हणते. बघून जाईल घर."

फोन ठेवल्यावर ती परसात जाऊन उभी राहिली. भिंत दिसत होती. भिंतीपलीकडचा खांब दिसत होता, त्यावरची तार दिसत होती. इतके दिवस ती ज्याच्यासाठी तोडत होती ते आता दिसत होतं, आणि त्या जागेत पडायला, बसायला, उभं राहायला कुणी येणार नव्हतं. मोकळं. जयाचा तो शब्द तिच्या तोंडात घाणेरीच्या पानासारखा झाला. आपण 'बरं' का म्हणालो? नाही म्हणायला कोणतं नातं पुढे करायचं होतं? अंगद होता तोवर सून होतो. आता कोण? नोकरी करणारी, मिक्सर चालू असला की हाक न ऐकणारी एक बाई. आत्यांना कुणी विचारलं असेल का? आणि विचारलं असेल तर त्या काय म्हणाल्या असतील? 'बरं'च म्हणाल्या असतील. या घरात सगळ्याच गोष्टींना बरं म्हणायची रीत होती.

रविवारी दुपारी जयाची गाडी आली. मार्च लागला होता, उन्हाला धार आली होती. फाटकातून आत यायला पूर्वी अंग चोरावं लागायचं, आता वॉकर सहज आला. जया मागून म्हणाली, "अगंबाई, वहिनी! केवढी जागा निघाली!" वॉकर उचलायचा, टेकवायचा, पाय ओढायचा, असं करत आत्या घराला वळसा घालून परसात गेल्या. खूप वाळल्या होत्या, पण केसांना तेल होतं, लुगडं स्वच्छ होतं. जयाने नीट सांभाळलं होतं. पंकजाने खुर्ची आणून ठेवली. आत्या बसल्या आणि पाहत राहिल्या. परस झाडून काढलेलं होतं. पारिजातक ठेवला होता, कढीपत्ता, तगर, एक जास्वंद. डबे भिंतीकडेला ओळीने लावले होते. बाकी सगळे तोडलेल्या बुंध्यांचे खुंट.

"कुनाला दिलं?" आत्यांनी विचारलं.

"काय, आत्या?"

"घर. इकलं का?"

"घर कशाला विकू?"

"मग हे समदं कशापायी तोडलं? घेनाऱ्याला जागा मोकळी दिसावी म्हनून तोडत्यात."

पंकजाने गाडी यायच्या आधी मनात वाक्यं लावून ठेवली होती. डास झाले होते, परवा साप निघाला होता, वॉकरला वाट हवी. ती तिने बाजूला सारली. जया पदराने वारा घेत कठड्यावर बसली होती. पंकजा आत्यांच्या समोर जमिनीवर उकिडवी बसली.

"तुम्ही दिसला नाहीत मला," ती म्हणाली. "त्या दिवशी मी खिडकीतून बघितलं होतं. इथंच बघितलं होतं. तुम्ही इथं होतात आणि मला दिसला नाहीत."

आत्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग तिच्या हातांकडे. हात ओरबाडलेले होते, काही चरे सुकलेले, काही ताजे. त्यांनी एक हात ओढून घेतला आणि चऱ्यांवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"दिसनार कशी? मीच लावलं हुतं की ते," त्या म्हणाल्या. मग पुन्हा परसावरून नजर फिरवून म्हणाल्या, "ऊस तोडला की असंच दिसतं. फड रिकामा झाला की. सकाळी आत शिरलं तर मानूस मानसाला दिसायचं न्हाई, आन् सांजच्याला पार लांबची आपली पाचटाची कोपी दिसायची. हे आन् मी मिळून एक कोयता. नवरा-बायकोचा मिळून एक. मुकादम मानसं मोजायचाच न्हाई, कोयते मोजायचा." त्यांचा आवाज गोष्ट सांगतानाचा नव्हता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा होता. "शेवगावकडं घराच्या दारात लावायची मी काय काय. दसरा झाला की निघायचं, उन्हाळ्यात माघारी. आल्यावर समद्या काड्या. पानी कोन घालनार? एकदा कोपीपाशी दोडका लावला, तर कळी आली आन् पट्टा पडला, कारखान्याचं गाळप सपलं, निघालो पुढच्या कारखान्याला. तवा म्हनलं, आपलं घर झालं ना, की हातात कोयता धरायचा न्हाई. नुसतं लावायचं. कुनाला तोडू द्यायचं न्हाई. पण अंगद तोडायचा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"जागीच असायची की मी. निजल्यावानी करायची. त्याला बरं वाटायचं."

जया एकदम उठून आत गेली, पाणी आणते म्हणाली. पंकजाला वाटलं, हे आत्ता या उन्हात ऐकायच्या ऐवजी पाच वर्षांपूर्वी ऐकलं असतं तर. पण पाच वर्षांपूर्वी विचारायचं सुचलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर आत्यांनी सांगितलं असतं असंही नाही. त्यांचा अंगठा अजून तिच्या हातावर फिरत होता, खरखरीत, ऊबदार. तो ऊस धरून धरून झालेला अंगठा असेल असं तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. म्हाताऱ्या माणसांची बोटं अशीच असतात असं वाटायचं.

"मधुमालती माझ्याकडून चुकून गेली," ती म्हणाली.

"गेली तर गेली. कोन हाय ती, मला तिचं नावबी ठावं न्हवतं." आत्या वाकून एका खुंटाकडे पाहू लागल्या. "आन् हे काय? गुडघ्याएवढं ठेवत्यात व्हय? बुडाशी तोडायचं, जमिनीला लागून. फुटवा जोरात येतो."

"हा ऊस नाही आत्या. हा अडुळसा आहे."

"व्हय की," आत्या म्हणाल्या आणि हसल्या. दात नसलेलं, पोटातून आलेलं ते हसू पंकजाने अंगद गेल्यापासून ऐकलं नव्हतं. तीही हसली.

"तू फोनवर बरं म्हनलीस," आत्या हळू म्हणाल्या. "जया म्हनली, वैनी बरं म्हनली."

"तुम्हाला तिकडं बरं वाटत असेल म्हणून म्हणाले."

"मीबी तुझ्यासाठीच बरं म्हनले."

जया पाण्याचे पेले घेऊन दारात आली होती. पंकजा उठली. बोलायला लागल्यावर तिला कळलं की आपला आवाज लॅबमध्ये घाबरलेल्या पेशंटशी बोलताना असतो तसा सरळ निघतोय. "जयाताई, त्यांना इथंच राहू द्या. भागूबाई भांड्यांना येतात, त्या मी येईपर्यंत थांबतील, मी बोलते त्यांच्याशी. दुपारी मी जेवायला घरी येईन. मला हव्यात त्या इथं."

जयाने आईकडे पाहिलं. "आई, अगं, आपलं काय ठरलं होतं?"

"तुझं ठरलं हुतं," आत्या म्हणाल्या. "तुझ्या गाडीची डिकी रिकामी हाय ना? हे डबे घाल त्यात. तिथं क्वार्टरापुढं लई जागा हाय. नेतीस तर काहीतरी ने."

जया क्षणभर रागावली, मग तिलाही हसू आलं, मग ती थोडी रडलीही. तिघींनी मिळून डबे उचलले. म्हणजे दोघींनी उचलले आणि आत्यांनी खुर्चीतून कोणता आधी, कोणता नंतर ते सांगितलं. कोरफड, शतावरी, अबोली, कुणीतरी दिलेलं नाव नसलेलं काहीतरी. डिकी भरली, मागची सीट भरली. गाडी वळली तेव्हा काचेला आतून पानं चिकटलेली दिसत होती.

पंकजा परत आली तेव्हा परस आणखीनच मोठं झालं होतं. ती आत्यांशेजारी पायरीवर बसली. दोघींनी चहा घेतला.

"आता काय लावायचं हितं?" आत्यांनी विचारलं.

"काही नको. थोडे दिवस असंच राहू दे."

आत्यांनी विचार केला. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. वहाणेतून पाय काढून त्यांनी तळवे झाडलेल्या मातीवर टेकवले. बुलबुलांची एक जोडी भिंतीवर आली, इकडेतिकडे पाहून उडून गेली. पंकजा कप विसळून ठेवायला आत गेली आणि आली तोवर आत्यांची मान एका बाजूला कलली होती. तोंड किंचित उघडं, श्वास संथ. प्रवासाने दमल्या होत्या. ऊन पारिजातकाला ओलांडून पुढे आलं होतं आणि मधे अडवायला आता काही नव्हतं, ते सरळ त्यांच्या चेहऱ्यावर पडत होतं. पापण्या आकसत होत्या. खुर्ची सरकवली तर जाग आली असती. पंकजाने इकडेतिकडे पाहिलं, मग दोन पावलं पुढे होऊन सूर्याकडे पाठ करून उभी राहिली. तिची सावली आत्यांच्या गळ्यापर्यंत आली. ती थोडी डावीकडे सरकली, तशी सावली चेहऱ्यावर चढली, कपाळाच्या सुरकुत्या सैल झाल्या. मानेला, पाठीला ऊन चटकत होतं. ऊन सरकेल तशी ती तसूतसूने सरकत राहिली.